ठमाबाईचे पाढे

ठमाबाईचा कुकारा ज्यानं ऐकला नाही, त्याला मी काय सांगू आणि कसं सांगू! आमची वाडी पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या उतारावर. घरामागच्या दांडावर, डोंगराच्या सोंडेवर, उभी राहून तिनं "होऽऽय" केलं की खालच्या ओढ्याच्या, आमच्या वहाळाच्या, पलीकडच्या रानातली गुरं माना वर करायची. आमचे हे म्हणायचे, "हिला यष्टीच्या भोंग्याच्या जागी बसवा रे कोणीतरी." आता मी महाडात लेकाकडे असते. सुनेच्या धाकानं शुद्ध बोलायला शिकले, चुकून 'नाय' म्हटलं की नात फिदीफिदी हसते. पण ठमाबाईचं सांगायला बसले की जीभ आपली जुन्या वाटेला लागते. लागू दे, तिला काय बांधून घालायची?

ठमाबाई म्हणजे आमच्या शेजारच्या कोंडाजीची बहीण. लग्न झालं तेव्हा तिला लुगडं सावरता येत नव्हतं. नवरा पटकीनं गेला, आणि तो दिसायला कसा होता हेसुद्धा पुढं तिला धड आठवेना. सासरच्यांनी तिला माहेरी आणून घातली ती घातलीच. मग आई गेली आणि धाकटा भाऊ हैबती हिच्याच कडेवर वाढला. मोठा होऊन तो मुंबईला गेला, ही राहिली थोरल्याच्या घरात. राबायला पुढं, जेवायला मागं. शेणगोठा तिचा, गुरं तिची, लावणी-कापणी तिची, शब्द मात्र कोंडाजीचा. कोंडाजी वाईट नव्हता हो, खोटं कशाला बोलू? पण एकदा बोलला की काळ्या दगडावरची रेघ. मग देव आला तरी पुसायची नाही.

हैबती मुंबईत एका शेठच्या पेढीवर पट्टेवाला होता. शेठ भला माणूस. हैबतीची बायको वारली तेव्हा त्यानं तिच्या पोरीला, अंबिकेला, खासगी शाळेत घातलं. बूट-मोजे, निळा झगा, शाईचं पेन, सगळं शेठकडून. पुढं पेढीच बसली. हैबती कुठं जिन्याखाली, कुठं गाळ्यात पथारी टाकायला लागला. अशात पोरीला कुठं ठेवणार? ज्येष्ठात तिला घेऊन गावी आला. पोर चौथीत जायची होती.

ती ओटीपाशी आली तेव्हा पायांत बूट, आणि ते काढायचे की नाही हे तिला कळेना. नुसती उभी. ठमाबाईनं खाली बसून स्वतःच्या हातानं ते बूट काढले, पाय पदरानं पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "राहे, तोंड बघ गो हिचं. हैबती ल्हानपणी अस्साच दिसायचा." झालं. त्या दिवसापासून ती पोर म्हणजे ठमाबाईचा जीव की प्राण. मला तर कधी कधी राग यायचा. माझ्या चांगूला ती आधी आंबोळी द्यायची, आता त्याच्या वाटणीची अंबीला जाऊ लागली.

परत जायच्या आधी हैबतीनं थोरल्याचे पाय धरले. "दादा, महाडाला मुलींचं वसतिगृह हाय. चवथी पास झालेली पोर घेतात, मी सांगून आलोय. एक जागा ठेवतील. तेवढं एक वर्स हिला शाळेत धाड."

कोंडाजी तंबाखू मळत म्हणाला, "धाडतो. दिपोटीनं पास केली तर जाईल महाडाला. नाय केली तर चुलीम्होरं बसंल, आन् तिच्यासाठी घर बघीन. मग माझ्याशी कोन बोलायला येऊ नका."

दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारा साहेब. वर्षातून एकदा, चैत्रात यायचा. तो विचारणार, पोरं उत्तर देणार, तो पास म्हणेल ते पास. त्याच्या नुसत्या नावानं मास्तर टोपी सावरायला लागायचा, तिथं पोरांची काय कथा.

आमची शाळा लोकलबोर्डाची, भैरीच्या देवळात भरायची. एक मास्तर आणि चार इयत्ता. रघुवीर मास्तर महाडचे, शहरी माणूस, राहायचे खालच्या गावात. सकाळी चढून यायचे, दुपारी उतरून जायचे. घरी म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून महाडच्या जवळपास बदली मिळावी यासाठी त्यांची धडपड चाललेली. बदली द्यायची तर साहेबाच्या हातात. हे मी आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढं त्यांना शिव्या देताना हात जरा आखडता घ्याल. मला काही तो घेता आला नाही.

पहिल्या दिवशी मास्तरांनी अंबीला उभं केलं. "मुंबईच्या शाळेतल्या ना तुम्ही? म्हणा बघू एकोणिसाचा पाढा." पोर गप्प. "बरं, तेराचा म्हणा." पोर गप्प. "पावकी? निमकी?" पाव-अर्ध्याच्या पाढ्यांची ती नावंसुद्धा तिनं कधी ऐकलेली नव्हती. ओठ हलले, आवाज काही फुटला नाही. सगळं देऊळ हसलं. माझा चांगूही हसला, घरी येऊन त्यानंच सांगितलं, आणि मी त्याच्या पाठीत एक रट्टा घातला. मास्तरांनी पोरीला पटावर चौथीत ठेवलं आणि बसवलं दुसरीच्या पोरांत, भिंतीला टेकून, सगळ्यांच्या मागं.

संध्याकाळी ठमाबाईनं तिला जवळ घेतलं. "येत नाय का गो तुला?"

"बारापर्यंत येतात. लिहून दाखवते," अंबी म्हणाली. मुंबईचं बोलणं, नाजूक, कान लावून ऐकावं लागे. "तिकडे म्हणायचं नसतं, आत्या. बाई फळ्यावर लिहितात, आम्ही उतरून घेतो. वर्गात कुणी बोललं तर बाकावर उभं करतात."

"अगो बाई! थितं बोललं म्हून शिक्षा, आन् हितं बोलली नाय म्हून. पोरीनं करावं तरी काय?"

दुसऱ्या दिवशी ती मास्तरांना गाठायला वाटेवर उभी राहिली. मास्तर म्हणाले, "ठमाबाई, मी एकटा, चार वर्ग. हिच्या एकटीसाठी वेळ कुठून आणू? घरी पाठ करून घ्या." आता घरी कोण करून घेणार? कोंडाजी अंगठा उठवणारा. ठमाबाईला तर 'ग' आणि गाढव दोन्ही सारखंच. मी म्हटलं, संपलं पोरीचं. पण ही बाई कसली ऐकते!

देवळाच्या मागं एक पडका चौथरा आहे. सरपणाची मोळी आणताना ठमाबाई तिथं टेकायला लागली. आत पोरं एका सुरात पाढे म्हणायची, ही बाहेर ओठ हलवत बसायची. मीही दोन-चार वेळा बसले तिच्याबरोबर, मला तर डुलकी लागायची. तिला मात्र सगळं चढत गेलं. लावणीची गाणी जशी एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडात जातात, तसंच तिनं ते घेतलं. अर्थ कळो न कळो, चाल पक्की. सतराचा, एकोणिसाचा, मग पावकी, निमकी, दिडकी. वर 'कुलाबा जिल्ह्याच्या उत्तरेस ठाणे जिल्हा' हेही. एकदा दूध काढताना ती म्हशीला उत्तर-दक्षिण सांगत होती, ते मी या कानांनी ऐकलं. हसून हसून माझी पुरेवाट झाली.

पाढे आणले, पण पोरीच्या गळ्यातून ते बाहेर कसे काढायचे? त्याला ठमाबाईनं तिच्या पद्धतीनं औषध काढलं. दुपारी गुरं घेऊन दोघी वहाळावर जायच्या. ही अलीकडच्या दांडावर उभी राहायची आणि पोरीला पाठवायची पलीकडच्या दांडावर, आंब्याखाली. इथून ही कुकारा घालायची, "अंबेऽऽ!" आणि तिथून पोरीनं पाढा म्हणायचा.

"नाय ऐकू आला गो! म्हशीला ऐकू आला पायजे!"

पहिले कित्येक दिवस तिकडून नुसती पोर दिसायची, ऐकू काही येत नसे. ठमाबाई कान टवकारून उभी. मी म्हणायची, "अगो, घसा बसंल पोरीचा." ती म्हणायची, "बसू दे. बसलेला उठतोय. न उघडलेला उघडत नाय." आणि मग भाद्रपदात की केव्हा, एका दुपारी पलीकडून आवाज आला. स्वच्छ, घंटेसारखा. "सतरा एके सतराऽऽ, सतरा दुणे चौतीसऽऽ..." ठमाबाई मटकन खालीच बसली. मी विचारलं, काय झालं गो? तर डोळ्यांना पदर लावून म्हणते, "काय नाय. ऊन लागलं."

तेव्हापासून तो त्यांचा खेळच झाला. एक पाढा संपला की ही परत कुकारा घालायची, पोर पुढचा पाढा सुरू करायची. वाडीतल्या लोकांना वाटायचं, ठमाबाई गुरांना हाका मारतेय. लांबून शब्द कोणाला कळत नव्हते, आणि तिनंही ते कोणाला कळू दिले नाहीत. माझ्या पायावर हात ठेवून मला शपथ घातली होती.

इथंच तर सगळी माती झाली.

त्या वर्षी कार्तिकात भात झोडून झालं. आमच्याकडं रीत अशी, की खळ्यात रास पडली की कोणी बोलायचं नाही. मोजणारा पहिली पायली भरताना 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, तेही ओठातल्या ओठात. भात कणगीत पडेपर्यंत किती झालं हे कोणी कोणाला सांगायचं नाही. बोललं की दृष्ट लागते, बरकत जाते. त्या दिवशी मी ठमाबाईला सूप द्यायला गेले होते. परतताना तिला म्हटलं, "पोरगी एवढी तयार झाली, आता मास्तरांना सांग. शाळेत अजून तशीच मुकी बसते, चांगू सांगतो. मास्तर तिला काय विचारत नायत."

तिनं राशीकडं बोट दाखवलं. "झाकली का ती रास? नाय ना? मग पोरीचं कसं सांगू? आधीच आई खाल्ली म्हणतात तिला. माझं तरी काय धड ऱ्हायलं? जे जे कोनी बरं म्हणालं ते गेलं. दिपोटीम्होरं बोलंल ती. एकदम. कणगीत पडल्यावर लोकांनी बघावं."

मी पुष्कळ समजावलं. शेवटी चिडून म्हणाले, "रास आणि पोर एक असते का गो?" ती म्हणाली, "रास तरी दर वर्साला पडते. पोर मला एकदाच मिळाली." पोरीलाही तिनं बजावलं होतं, शाळेत तोंड उघडायचं नाही. आणि पोर बिचारी, गप्प बसायची सवय तर तिला आधीचीच.

चैत्र आला. साहेब येणार म्हणून देऊळ सारवलं, आंब्याचं तोरण लावलं. आदल्या दिवशी ठमाबाई पोलादपूरच्या बाजाराला गेली, पोरीसाठी तांबडी रिबीन आणायला. नेमके त्याच संध्याकाळी मास्तर घरोघर फिरले. ही तेव्हाची जुनी चाल होती, सगळ्याच मास्तरांची. जी पोरं कच्ची, त्यांच्या घरी जाऊन सांगायचं, उद्या शाळेत पाठवू नका. म्हणजे साहेबापुढं पक्की तेवढी उभी राहतात, शाळेचा निकाल उजळ दिसतो. अंबी गुरं आणायला गेलेली, कोंडाजीला त्यांनी सांगितलं, "अंबिकेला उद्या घरीच ठेवा." कोंडाजी "बरं" म्हणाला आणि झोपला. पहाटे उठून तो साहेबाला आणायला माणसांबरोबर खाली गेला. घरात कोणाला सांगावं असं त्याच्या मनातही आलं नाही. पोरीच्या शाळेची ती काय गोष्ट!

ठमाबाईनं सकाळी पोरीला न्हाऊ घातलं, दोन वेण्या घातल्या, रिबिनीची फुलं काढली. तिच्या हातावर दही घातलं. मग आम्ही दोघी मोळीचं निमित्त करून देवळामागच्या चौथऱ्यावर जाऊन बसलो. मी तिचा हात धरला तर गार पडलेला.

साहेब आले, पुढच्या अंगाला सवाष्णींनी ओवाळलं. आत पोरं 'नमस्ते' ओरडली. मग साहेबांचा आवाज आला, चांगला भारदस्त. आधी लहानांचं झालं, मग चौथी उभी केली. कोणी धडा वाचला, कोणी नकाशा दाखवला. मग साहेब म्हणाले, "एकोणीस चोक किती?"

आत सामसूम.

"बोल गो," ठमाबाई पुटपुटली. "बोल माझे आये. शहात्तर. बोल."

कोणी बोललं नाही. साहेबांनी पुन्हा विचारलं. ठमाबाईच्या कपाळावर घाम. मला वाटलं, पोर घाबरली. मग आतून कागद उलटल्याचा आवाज आला, आणि साहेब म्हणाले, "ही कोण, अंबिका हैबती? चौथीच्या पटावर आहे. कुठे आहे?"

मास्तर म्हणाले, "आजारी आहे, साहेब. फारशी येतच नाही."

मी ठमाबाईकडं बघितलं. तिचं तोंड पांढरंफटक. सकाळी न्हाऊन, रिबीन लावून पाठवलेली पोर आजारी कशी? नंतर चांगूनं सांगितलं. अंबी देवळाच्या पायरीवर आली तेव्हाच मास्तरांनी तिला अडवलं. "तुला घरी राहायला सांगितलं होतं ना? साहेब चढ चढतायत, जा, मागच्या वाटेनं रानात जा, दिसू नकोस." पोरीनं तोंड उघडलं होतं म्हणे, पण मास्तर "बोलू नकोस" म्हणाले. आणि न बोलणं एवढं एक तर तिला सगळ्या शाळांनी नीट शिकवलं होतं.

"चल आत," मी ठमाबाईला ओढलं. "साहेबाला सांग, पोर धडधाकट हाय म्हून."

ती उठली. देवळाच्या कोपऱ्यापर्यंत आली आणि थांबली. पुढं सवाष्णी ताट घेऊन उभ्या, कुंकवाचं बोट अजून ओलं. तिनं आपल्या कपाळाला हात लावला. "पोर कुठं हाय ती आदी बघू," ती म्हणाली. "तिलाच उभी करते साहेबाम्होरं." आणि दांडावर धावली. छातीत होता नव्हता तेवढा श्वास भरला आणि कुकारा घातला.

"अंबेऽऽऽ!"

वहाळापलीकडं, आंब्याखाली, तांबडं काहीतरी हललं. पोर तिथंच जाऊन बसली होती, दुसरीकडं जाणार कुठं? ती उठून उभी राहिली. आणि तिला वाटलं, आत्या रोजच्यासारखं विचारतेय.

"एकोणीस एके एकोणीसऽऽ! एकोणीस दुणे अडतीसऽऽ! एकोणीस त्रिक सत्तावन्नऽऽ! एकोणीस चोक शहात्तरऽऽ!"

"ये गो हिकडं! धाव!" ठमाबाई ओरडली. पाढ्याच्या नादात पोरीपर्यंत शब्द पोचले नाहीत, आवाज तेवढा पोचला. पोरीनं विसाचा सुरू केला. ही हात हलवून बोलावतेय, तिला वाटतंय आत्या खुश झाली. ती आणखी मोठ्यानं म्हणायला लागली. विसाचा झाला, एकविसाचा आला. सगळ्या खोऱ्यात तिचा आवाज भरून राहिला, त्या दिवशी देवळापर्यंत शब्द न् शब्द ऐकू येत होता.

मी देवळाच्या कोपऱ्याशीच उभी होते, आतून साहेबांनी विचारलं, "कोण ओरडतंय हो?"

"गुराखी आहेत, साहेब," मास्तर म्हणाले. सांगताना त्यांनी डोंगराकडं बघितलंसुद्धा नाही.

"गुराखी, आणि पाढे? वा मास्तर! तुमच्याकडची गुरंसुद्धा शिकलेली दिसतायत." साहेब हसले. साहेब हसले म्हणून सगळे हसले. देवा भैरीसमोर हसले हो! माझं डोकंच फिरलं. मी लुगड्याचा काचा मारला आणि वहाळात उतरले. दगडांवरून, काट्यांतून तशीच पलीकडं चढले, पोरीचा हात धरला, फरफटत घेऊन आले. येईपर्यंत देवळाला टाळं, आणि पायरीवर नारळाच्या करवंट्या. साहेबांना त्याच दिवशी पुढची शाळा करायची होती.

ठमाबाई पोरीला घेऊन मागोमाग गेली, पुढच्या गावापर्यंत. साहेब जेवत होते, ही उन्हात उभी राहिली. ते बाहेर आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, माणूस काही कडू नव्हता. म्हणाले, "बाई, गैरहजर लिहून झालंय, सही झालीय. पुढच्या वर्षी बसवा हिला." त्यांना पुढचं वर्ष म्हणजे पुढचं गाव. तिकडं महाडची जागा दुसऱ्या पोरीला गेली, आणि घरात कोंडाजीची रेघ काळ्या दगडावर होती तिथंच होती. "मी काय बोल्लो व्हतो? पास नाय तर चुलीम्होरं." हैबती मुंबईहून आला, थोरल्यापुढं रडला, ठमाबाईपुढं रडला आणि परत गेला. त्याला स्वतःला झोपायला जागा नव्हती, तो पोरीला कुठं नेणार?

मास्तर एकदा ठमाबाईला वाटेत भेटले. मी होते बरोबर. मी तोंड सोडणारच होते, पण त्यांचंच तोंड पडलेलं. म्हणाले, "ठमाबाई, मला काही कल्पना नव्हती. तुम्ही एका शब्दानं बोलला असता तर मी तिला सगळ्यांत पुढं उभी केली असती."

बास, एवढंच. शिव्या घातल्या असत्या तर बरं होतं. त्या एका वाक्यानं ठमाबाई मोडली. पुढं मास्तरांची बदली झाली, महाडच्या जवळ. निकाल चांगला लागला होता ना!

त्यानंतर ठमाबाईनं कुकारा घातला नाही. गुरांमागं स्वतः चालत जायची, पण हाक नाही. पोर चुलीपुढं बसली, भाकऱ्या थापायला शिकली. वय लहान, पण तेव्हा कोण बघत होतं? दसऱ्यानंतर शिवथरच्या एका घरी तिची सुपारी फुटली, लग्न माघातलं ठरलं.

कार्तिकात पुन्हा खळ्यात रास पडली. मी झोडणीला गेले होते. कोंडाजी पायली घेऊन राशीपुढं बसला, आम्ही सगळ्या चिडीचूप. त्यानं पहिली पायली भरली, ओठ हलवले. तेवढ्यात ठमाबाई पुढं झाली, त्याच्या हातातली पायली हिसकून घेतली आणि खोऱ्याला ऐकू जाईल असं ओरडली, "लाभऽऽ!"

सगळे दगडासारखे. तिनं भात ओतलं, दुसरी भरली. "दोनऽऽ! तीनऽऽ!"

"ठमे, गप! बरकत घालवशील घराची!"

"गप बसले व्हते रे दादा! वरीसभर गप बसले! काय ऱ्हायलं माझं? सांग ना, काय ऱ्हायलं?" आणि मोजतच सुटली. भरतेय, ओततेय, ओरडतेय. मग तिचा आवाज चिरकला, फाटला, आणि हुंदक्यात बुडाला. पायली मात्र चालूच.

पुढचा आकडा आला तो राशीच्या पलीकडून. अंबी हातात सूप घेऊन उभी होती. तिनं मोजणी उचलली. तोच आवाज, वहाळापलीकडचा. आत्या भरत गेली, पोर मोजत गेली. शेवटची पायली पडली, आणि कोंडाजी खडे मांडून हिशेब करायला लागणार तोच पोरीनं किती मण आणि वर किती पायल्या ते तोंडी सांगून टाकलं.

कोंडाजी तिच्याकडं बघतच राहिला. "हिला येवढं येतं?"

"चैत्रातबी येत व्हतं," ठमाबाई म्हणाली.

पोरीनं मान खाली घातली, सूप पाखडायला घेतलं. कोंडाजीनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "सुपारी फुटली हाय गो," तो म्हणाला, हळू. त्याचा तो तसला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

भात घरात वाहिलं तर कणगीत मावेना, वर आणखी दोन तट्टे बांधावे लागले. एवढं पीक त्या शेतात पुन्हा आलं नाही. शेवटची टोपली रिकामी करून ठमाबाई कणगीला पाठ लावून बसली आणि मला म्हणाली, "राहे, बघितलंस ना? येवढी वरडले. दृष्ट काय लागली नाय गो." मग तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.